वाचून दाखव

कोणाचंही काम तपासायचं असलं की गांगुर्डे मॅडम खुर्ची फिरवायच्या आणि स्क्रीनकडे पाठ करून बसायच्या. समोर खिडकी, खिडकीबाहेर कारखान्याचा सायकल स्टँड आणि लांबवर पांडवलेण्यांचा डोंगर. मग म्हणायच्या, "हं, वाचून दाखव." नव्या माणसाला वाटायचं, बाईंना आपल्या कामाकडे बघायचंसुद्धा नाहीये. मलाही तसंच वाटलं होतं आणि मनातून रागही आला होता.

मी त्यांच्या कॉम्प्युटर विभागात लागले तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना बॉयलरवर बसवायचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनवायचा. वाफेचा दाब प्रमाणाबाहेर गेला की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. तो उघडला नाही तर बॉयलर फुटतो. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर असायचा, आणि कुठला नंबर कुठल्या गिऱ्हाइकाकडे गेला याच्या हजारो ओळी आमच्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. त्यातून हव्या तेवढ्याच ओळी काढायच्या तर कॉम्प्युटरला एकेक नंबर सांगून भागत नाही. नंबर दिसतो कसा ते सांगावं लागतं: समजा, आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग चार आकडे. हे सांगायची एक चिन्हांची भाषा असते. तिचं पूर्ण नाव रेग्युलर एक्स्प्रेशन. आम्ही सगळे नुसतं पॅटर्न म्हणायचो. कंस, तारे, बिंदू आणि तिरप्या रेघांची ही भाषा इतकी आखूड आहे की पानभर काम एका ओळीत बसवता येतं, आणि तरुण माणसाला तसं बसवायची भारी हौस असते.

माझी ती पहिली ओळ मी दिवसभर खपून बसवली होती. मॅडमनी पाठ केली आणि मी वाचायला लागले. "कंस सुरू, ए ते झेड, कंस बंद, तारा, बिंदू..."

"चिन्हं नको वाचूस, सुनंदा. ती मशीनसाठी आहेत. तू काय शोधतेयस ते वाच."

मी पुन्हा सुरुवात केली आणि मध्येच अडकले. दुसरा तारा कशासाठी आहे हे मला सांगता येईना. तो काढला की उत्तर चुकत होतं म्हणून ठेवला होता, एवढंच मला माहीत होतं.

"एका दमात वाचता येत नाही ना? मग तोड. तुकडे कर. प्रत्येक तुकड्याला नाव दे. नाव सुचलं नाही तर समजायचं, तो तुकडा आपल्यालाच कळलेला नाही."

हे सगळं त्या खिडकीकडे बघत बोलल्या. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती. मी मुकाट्याने माझ्या टेबलावर गेले आणि माझ्या त्या एका ओळीच्या सात-आठ ओळी झाल्या. 'अक्षरांचा भाग', 'वर्षाचा भाग', 'अनुक्रमांक' अशी नावं देऊन त्या एकाखाली एक लावल्या तेव्हा माझी मलाच चूक दिसली. दुसरा तारा लागतच नव्हता. पहिला चुकीच्या जागी होता.

आमच्या विभागात या प्रकाराला 'वाचन' म्हणत. कुठलाही पॅटर्न चालवण्याआधी त्याचं वाचन व्हायलाच हवं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पाठ करून ऐकायचं. ऐकणाऱ्याने मग फळ्यावर खडूने काही नंबर लिहायचे, डावीकडे 'येतील', उजवीकडे 'येऊ नयेत'. पॅटर्न त्या नंबरांवर चालवून बघायचा आणि खरा ठरला की ते नंबरही त्याच्याच खाली टिपून ठेवायचे, म्हणजे पुढे कोणी पॅटर्न बदलला तर त्याला ते पुन्हा चालवून बघता येतील. पॅटर्नच्या शेजारी पूर्ण वाक्यात खुलासा हवा. आमच्या टर्मिनलवर देवनागरी नव्हती, पण मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही. इंग्रजी अक्षरांत सरळ मराठी वाक्यं लिहायला त्या सांगत. मुंबईच्या हेड ऑफिसमधून एक साहेब आले होते, ते ही वाक्यं बघून हसले. मॅडम म्हणाल्या, "साहेब, हे वाचणारा माणूस अजून कारखान्यात लागलेला नाही. तो येईल तेव्हा आपण नसू. त्याला समजेल असं लिहावं लागतं."

त्यांचं पूर्ण नाव कुसुम गांगुर्डे. पुण्याहून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करून त्या सत्तरच्या दशकात इथे लागल्या होत्या. तेव्हा भोकं पाडलेल्या पंचकार्डांचा जमाना होता. लग्न केलं नव्हतं. नाशिकरोडला बौद्ध वस्तीत आईबरोबर राहायच्या आणि कंपनीच्या बसने यायच्या. सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, डब्यात भाकरी आणि ठेचा. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मोठा डबा भरून खीर आणायच्या. सुरुवातीच्या वर्षांत काही जणांना त्या दिवशी नेमका उपास असायचा, असं मी जुन्या लोकांकडून ऐकलं. पुढच्या वर्षी मॅडमनी तेवढीच खीर पुन्हा आणली, त्याच्या पुढच्या वर्षीही आणली. मी लागले तोवर डबा चाटूनपुसून संपत होता.

'चालतंय ना' हे शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. आमच्यात दातार म्हणून एक होता. हुशार, गोरागोमटा, सगळ्यांच्या नकला करणारा. पॅटर्न लिहिण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा मॅडम एक दिवस रजेवर असताना त्याने वाचन न करता एक पॅटर्न चालवला. परत आलेल्या काही मालाच्या नंबरांमध्ये मधोमध बिंदू असायचा. दातारने तो बिंदू जसाच्या तसा पॅटर्नमध्ये घातला. आता पॅटर्नच्या भाषेत नुसता बिंदू म्हणजे 'इथे काहीही चालेल'. खराखुरा बिंदू हवा असेल तर त्याच्या आधी तिरपी रेघ द्यावी लागते. दातारला हे काय माहीत नव्हतं? पण घाईत राहिलं. कॉम्प्युटरने इमानेइतबारे पानंच्या पानं छापली आणि ती यादी गोडाऊनमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी सायखेड्याचे निवृत्ती भाऊ, गोडाऊनचे मुकादम, घामाने डबडबून वर आले. "मॅडम, तुमच्या मशिनीनं सांगितलं म्हून आम्ही निम्मं गोडाऊन खाली काढलं. पोरं लय दमली. आता साहेब म्हनत्यात, यातलं बरंचसं नकोच हाय. मंग काय करायचं? परत चढवायचं का?"

मॅडमनी यादी बघितली, दातारकडे बघितलं आणि उठल्या. "चल."

त्या दातारला घेऊन खाली गेल्या. मला वाटलं, माफीबिफी मागायला लावतील. तसलं काहीच झालं नाही. पदर खोचून मॅडम स्वतः खोकी उचलायला लागल्या. निवृत्ती भाऊ "ओ मॅडम, ऱ्हाऊ द्या, आमी हाय ना" म्हणत मागे मागे फिरत होते. दातारला उचलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघं खोकी लावत होते. वर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "आपण एक बिंदू चुकलो की खाली कोणाची तरी पाठ मोडते. हे कागदावर दिसत नाही म्हणून तुला दाखवलं." त्यानंतर दातार वाचनाला कधी चुकला नाही, नकला मात्र मॅडमच्याही करत राहिला. त्या ते ओळखून होत्या.

मॅडमना मी कधी आजारी पडलेलं पाहिलं नव्हतं. पावसाळ्यातल्या एका सकाळी त्या कामावर आल्या नाहीत. दुपारी कळलं की त्यांना दवाखान्यात ठेवलंय. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. मग झालं काय, तर सकाळी पेपर हातात घेतला आणि आईला म्हणाल्या, "आज पोराने कुठल्या भाषेतला पेपर टाकलाय?" पेपर रोजचाच होता.

मी आणि दातार भेटायला गेलो तेव्हा त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. आईंनी आम्हाला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं, "पोरीला वाचता येईना झालंय. लिहायला सांगितलं तर झरझर लिहिती. अन् तोच कागद म्होरं धरला का म्हनती, हे काय हाय?" मग पदराने डोळे पुसत त्या बराच वेळ बोलत राहिल्या. मॅडमचे वडील रेल्वेत गँगमन होते. वस्तीत वाचता येणारं माणूस विरळा. कुसुम शाळेत जायला लागली तशी अख्ख्या गल्लीचे कागद तिच्याकडे यायला लागले. "सरकारी कागद आला का बाया हिलाच हाक मारायच्या. ही घडाघडा वाचायची. मंग बाया इचारायच्या, म्हंजे काय गं कुसुम? हिला नाय सांगता आलं का घरी येऊन रडायची. म्हनायची, आई, वाचता येतं पन सांगता येत नाय, मंग काय उपयोग?"

मला तिथे उभं राहवेना. त्या बाईंनाच वाचता न यावं, याला काय म्हणायचं?

दोनेक महिन्यांनी मॅडम कामावर आल्या. रंग थोडा उतरला होता आणि उजव्या बाजूचं त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून दारातून येताना खांदा चौकटीला लागला. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. सगळ्यांना बोलावून त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "मला वाचता येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही. ऐकू येतं, बोलता येतं, लिहिता येतं, विचार करता येतो. तुम्ही वाचून दाखवलंत तर मी काम करीन." मग खुर्ची फिरवून बसल्या आणि म्हणाल्या, "काय काय राहिलंय?"

आणि खरोखर काम चालू झालं. विशेष काही बदललंच नाही. त्या आधीही पाठ करूनच ऐकत होत्या. कोणीही उठून पॅटर्न साध्या वाक्यांत वाचावेत, त्यांनी डोळे मिटून ऐकावेत आणि म्हणावं, "तिसऱ्या तुकड्यात आडवी रेघ नसलेले नंबर सुटतायत." एखादं अक्षर फारच अडलं तर त्या ते तळहातावर बोटाने गिरवायच्या आणि मग ओळखायच्या. बोटाला ते आठवत होतं. एकदा मी त्यांना स्वतःच्याच टेबलावरची नावाची पाटी तशी गिरवताना पाहिलं आणि मान वळवली.

आमचे मॅनेजर कानडे साहेब माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी हेड ऑफिसला कळवलं की काम नीट चाललंय. हेड ऑफिसचं म्हणणं, ज्यांना वाचता येत नाही त्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख कशा राहणार? अखेर असं ठरलं की सहा महिने बघू, तेवढ्यात तक्रार आली नाही तर राहू द्या. मॅडमना हे माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. घरात त्यांच्याशिवाय कमावणारं कोणी नव्हतं, पण मला वाटतं त्यांचा जीव पगारापेक्षा त्या खुर्चीत जास्त होता. त्या काळात आम्ही सगळे जरा जास्तच जपून काम करत होतो.

मुदत संपत आली होती तेव्हाच ते प्रकरण उद्भवलं. तपासणीत असं निघालं की बाहेरून आलेल्या स्प्रिंगांचा एक लॉट कच्चा होता. त्या स्प्रिंगा बसवलेले व्हॉल्व्ह दाब वाढला तरी उघडतील याची खात्री नव्हती. ते कुठे कुठे गेलेत हे लगेच काढून प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवायचा होता. साखर कारखाने, मालेगावचे कापड रंगवणारे, कुठे कुठे. गाळप चालू होतं, म्हणजे बॉयलर तापलेले होते.

या कामासाठी एक जुना पॅटर्न आमच्याकडे तयार होता. कॉम्प्युटर नवीन आला त्या वर्षी लिहिलेला, एकाच लांबलचक ओळीचा. कोणी त्याला हात लावायचा नाही. कच्च्या लॉटचे आकडे त्यात भरायचे आणि चालवायचा, एवढंच काम.

"वाच," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हा इतकी वर्षं चालतोय," दातार म्हणाला. "आकडे भरतो आणि यादी काढतो. खाली जीप उभी आहे."

"जीप यादीत नाव असेल तिथेच जाईल ना? वाच."

दातारने माझ्याकडे बघितलं. मी वाचायला लागले. खुलासा नव्हता, तुकडे नव्हते, नावं नव्हती, त्यामुळे चिन्हंच वाचावी लागली. तिरपी रेघ, कंस, त्याच्या पोटात कंस, तारा, पुन्हा तिरपी रेघ. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. मी संपवलं. त्या म्हणाल्या, "परत." मी परत वाचलं. त्यांचं बोट तळहातावर फिरत होतं आणि मध्येच थांबत होतं. कपाळावर घाम आला होता.

"मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "कोणी लिहिलाय हा?"

शेवटी मीच म्हटलं, "मॅडम, तुम्हीच."

"हो," त्या म्हणाल्या. "नवीन मशीन आलं होतं. मला वाटलं होतं, किती छान जमलंय. दोन दिवस मी त्याच आनंदात होते." त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. मग त्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. "हा बाजूला ठेव. फळा घे. मला साध्या मराठीत सांगा, व्हॉल्व्हचा नंबर कसा असतो. पहिल्यापासून. ज्याला काहीच माहीत नाही त्याला सांगतोय असं सांगा."

आम्ही सांगत गेलो, त्या विचारत गेल्या. आधी काय येतं? नेहमी येतं का? कधीपासून? शेवटी त्यांनी विचारलं, "आणि आकडे संपले की नंबर संपला?"

"संपला," दातार म्हणाला.

"नक्की?"

दातार हळूच म्हणाला, "दुरुस्त होऊन परत जातो त्याला पुढे एक अक्षर लावतात. हे मधल्या काही वर्षांत सुरू झालंय."

"फळ्यावर लिही. 'येतील'मध्ये."

नवा पॅटर्न तुकड्या-तुकड्यांत उभा राहिला, वाचून झाला, फळ्यावरच्या नंबरांवर चालवला आणि मग खऱ्या ओळींवर. दातारने कोणी न सांगता जुनाही चालवून बघितला. जुना पॅटर्न आकड्यांशी थांबायचा, पुढे अक्षर आलं की ती ओळ गुपचूप सोडून द्यायचा. दुरुस्त होऊन गेलेले सगळे व्हॉल्व्ह त्याच्या यादीतून गायब होते. त्यातले काही एका साखर कारखान्याच्या चालू बॉयलरवर होते. जीप आधी तिकडे गेली. व्हॉल्व्ह काढून आणले, दाबावर लावून बघितले, तर त्यातला एक उघडलाच नाही. कोणाला काही झालं नाही. वेळेवर गेलो म्हणून झालं नाही.

आम्हाला वाटलं, आता मॅडमची नोकरी पक्की. कानडे साहेबांनी पेढे मागवले. मॅडमनी पेढा हातातच धरला आणि म्हणाल्या, "साहेब, जुना पॅटर्न आपण याआधी किती वेळा चालवलाय? त्या प्रत्येक वेळी काही ओळी सुटल्या असणार. त्या सगळ्या याद्या पुन्हा काढायला हव्यात. हेड ऑफिसला तसं कळवावं लागेल."

साहेब एकदम बसलेच. दातार म्हणाला, "मॅडम, एवढं कशाला? जुना होता, बदलला, एवढंच कळवू. याद्या आपण गुपचूप पुन्हा काढू. कोणाला समजणारसुद्धा नाही."

"गुपचूप काढल्या तर गिऱ्हाइकाकडे माणूस कोण पाठवणार? तू?"

"अहो, पण त्यावर नाव तुमचं आहे! मुदत संपायला आठवडा राहिलाय. ते याच्यावरच टपून बसलेत!"

"माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या. "सुनंदा, कागद घे."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. "पॅटर्न मी लिहिला होता. त्याचं वाचन झालं नव्हतं. नंबरांची पद्धत बदलली तेव्हा तो तपासला गेला नाही. त्यानंतरच्या सगळ्या याद्या पुन्हा काढणं आवश्यक आहे." खाली त्यांची सही. माझा हात थांबत होता, त्यांचा आवाज थांबला नाही. सगळ्या याद्या पुन्हा काढल्या आणि आणखीही काही ठिकाणी माणसं गेली. हेड ऑफिसने त्याबद्दल आभार मानले आणि त्याच टपालाने विचारलं की ज्यांची चूक इतकी वर्षं लक्षात आली नाही आणि ज्यांना आता वाचताही येत नाही, त्यांना का ठेवायचं? मला त्या लोकांचा तेव्हा जो राग आला तो आजही गेलेला नाही. कानडे साहेब दोनदा मुंबईला जाऊन आले. उपयोग झाला नाही.

आदेश आला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पर्सोनेल ऑफिसर सबनीस स्वतः वर आले, कागद शिपायाबरोबर पाठवला नाही. युनियनच्या आग्रहामुळे असे कागद आमच्याकडे मराठीतही निघत. सबनीसांनी कागद टेबलावर ठेवला, पेन काढून दिलं आणि म्हणाले, "मॅडम, इथे सही. 'वाचले व समजले' याच्या खाली."

"मी वाचलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "वाचून दाखवा."

मी वाचायला पुढे झाले तर मॅडमनी मला हातानेच थांबवलं.

सबनीसांनी घसा साफ केला आणि घडाघडा वाचलं. "उपरोक्त विषयास अनुसरून, सदर कर्मचाऱ्याच्या वैद्यकीय अहवालाच्या अनुषंगाने व सदर पदाच्या कार्यस्वरूपाचा साकल्याने विचार करता, सदर कर्मचाऱ्यास सेवेत चालू ठेवणे प्रशासकीयदृष्ट्या सोयीचे होणार नसल्याने, नियमानुसार देय लाभांसह मुक्त करण्याबाबत निर्णय घेण्यात आला आहे."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"यात मी कोण?"

"सदर... सदर कर्मचारी."

"आणि मला मुक्त कोण करतंय?"

सबनीसांनी कागद चाळला. "तसं लिहिलेलं नाही."

"'सोयीचे होणार नाही' म्हणजे काय, सबनीस? मला खरंच कळलं नाही."

सबनीस खाली बघत म्हणाले, "म्हणजे तुम्हाला कामावरून कमी केलंय, मॅडम."

"मग तसं लिहा."

"ड्राफ्ट मुंबईचा आहे. मी कसा बदलू?"

"मला न समजलेल्या कागदाखाली 'समजले' म्हणून मी सही करणार नाही. सही तर मी करणार आहे. तुम्हाला अडवत नाहीये."

सबनीस खाली गेले. मुंबईला फोन लावला असावा. चहा येऊन गेला. परत आले ते टाइपरायटरवाल्याला आणि कानडे साहेबांना घेऊनच. "तुम्हीच सांगा, कसं लिहू," ते म्हणाले. आवाजात चीड नव्हती.

मॅडमनी सांगितलं. टाइप झालं. सबनीसांनी कागद हातात घेतला.

"कुसुम गांगुर्डे यांना आजारामुळे वाचता येत नाही," त्यांनी वाचलं. "त्यांना काम येते. तरीही..." इथे ते थांबले. पहिला कागद त्यांनी दोन्ही वेळा न अडखळता वाचला होता. या कागदावर तीनच वाक्यं होती, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. कानडे साहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. मॅडमनी घाई केली नाही. "तरीही कंपनी त्यांना नोकरीवरून काढत आहे."

"हं," मॅडम म्हणाल्या. "आता समजलं."

आणि त्यांनी सही केली.